रडं थांबलं तिथून पुढे : विंचूदंशाच्या एका रात्रीचा घटनाक्रम

विंचू चावला की पोर किंचाळतं आणि सगळं घर गोळा होतं. पोर गप्प झालं की घर निर्धास्त होतं. कोकणातल्या लाल विंचवाच्या बाबतीत हा हिशेब उलटा मांडावा लागतो. जे मूल चावलेल्या जागेच्या ठणक्याने रात्रभर रडतं, ते बहुधा वाचणारं असतं. जे तासाभरात शांत पडतं, घामाने निथळतं आणि ज्याचे पाय गार पडतात, त्याच्या बाबतीत घड्याळ सुरू झालेलं असतं.

ही हकीकत माझ्या मुलाची आहे. गाव महाड तालुक्यातलं, महिना मेचा, मुलगा पाच वर्षांचा. वजन सोळा किलो. हा आकडा पुढे कामाला आला. वेळा माझ्या फोनमधल्या कॉलच्या नोंदींवरून आणि केसपेपरवरून घेतल्या आहेत, मधल्या काही अंदाजाने.

रात्री ८.२०

लाइट गेलेली. पडवीत पावसाळ्याच्या बेगमीची लाकडं रचून ठेवली होती आणि त्यांच्यामागे पोरांचा चेंडू गेला होता. लेकाने अंधारातच हात घातला. किंचाळी ऐकून भाऊजी टॉर्च घेऊन धावले. लाकडाच्या सालीवर विंचू होता, तांबूस, माझ्या बोटाएवढा, बारीक नांग्यांचा. "इंगळी नाय, बारका आहे," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांना जरा बरं वाटलं.

वाटायला नको होतं. काळी, थोराड, जाड नांग्यांची इंगळी दिसायला भयंकर, पण तिच्या डंखाने माणूस सहसा दगावत नाही. माणूस मारतो तो हा तांबडा बारका. कोकणात त्याला राहायला हवं ते सगळं आहे: जांभ्याच्या गडग्यातल्या फटी, कौलं, सरपण, शेणी, भाताचा पेंढा. दिवसा तो तिथेच दडून असतो, रात्री भक्ष्यासाठी बाहेर पडतो. उन्हाळ्यात माणसंही अंगणात आणि ओटीवर झोपतात. गाठ पडायला एवढं पुरतं.

८.३०

उजव्या हाताचं मधलं बोट. सूज जवळजवळ नाहीच, टाचणी टोचल्याएवढी खूण. मुलगा हात झटकत रडत होता. शेजारच्या काकूंनी चिंचोका दगडावर घासून आणला आणि बोटाला चिकटवला. एकाने मनगटाला दोरी बांधायला घेतली, ती भाऊजींनी सोडायला लावली. आवळल्याने विष अडत नाही, हात मात्र काळानिळा पडतो. वाडीतले एक जण विंचू उतरवतात म्हणे. त्यांना बोलवायला पोरगा पाठवायची तयारी चालली होती.

८.५०

रडं थांबलं. "उतरलं बघ," काकू म्हणाल्या. चिंचोका बोटाला तसाच चिकटलेला होता, म्हणजे श्रेय त्याला मिळालं.

मी त्याला मांडीवर घेतलं तेव्हा सदरा पाठीला चिकटलेला. मे महिन्यात, लाइट नसताना, घाम कुणाला येत नाही? पण पाय हाताला लागले ते गार होते. घाम उष्ण अंगाला येतो, हे पाऊल तर माठासारखं गार आणि वर ओलं. तेवढ्यात त्याने पहिली उलटी केली. तोंडातून लाळ गळत होती, ती त्याला गिळताही येईना.

सासूबाई इतका वेळ उंबऱ्यावर बसून होत्या. त्या उठून आल्या, नातवाच्या पायाला हात लावला आणि भाऊजींना म्हणाल्या, "गाडी काढ. माझी धाकटी बहीण अशीच गप झाली होती. पहाटे तोंडाला फेस आला नि गेली. गप झालाय म्हणूनच ने त्याला."

विंचू उतरवणाऱ्याला बोलवायचं तिथेच राहिलं. म्हातारं माणूस अंगारे-धुपारे सांगतं आणि शिकलेलं माणूस दवाखाना, असं आपण धरून चालतो. आमच्या घरात रोगाची लक्षणं त्या रात्री एकट्या सासूबाईंना पाठ होती. त्यांनी ती पुस्तकातून घेतली नव्हती.

९.०५

शेजारच्या तात्यांची मॅजिक मिळाली. यजमान डोंबिवलीत, त्यांना फोन केला तर ते म्हणाले, "निघतो." मुंबई-गोवा रस्त्याने त्यांना यायला पहाट होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

गाडीत दुसरी उलटी, मग तिसरी. मुलगा शुद्धीवर होता, हाक मारली की "ओ" देत होता, पण स्वतःहून काही बोलत नव्हता. बोट दुखतंय का विचारलं तर मान हलवून नाही म्हणाला.

९.२५

वाटेत एक खाजगी दवाखाना उघडा दिसला. डॉक्टरांनी बोट बधिर करायचं इंजेक्शन दिलं, कमरेत आणखी एक दिलं आणि म्हणाले, "दुखायचं थांबेल. झोपू द्या. सकाळी आणून दाखवा." दुखायचं आधीच थांबलं होतं. मी पाय गार असल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "भीतीने होतं."

भीतीने हातपाय गार पडतात हे खरंच आहे, आणि घोटाळाही तिथेच होतो. भ्यालेल्या माणसाच्या अंगात जी रसायनं सुटतात, तीच लाल विंचवाच्या विषाने सुटतात, फक्त बंद व्हायचं नाव घेत नाहीत. हे विष मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग उघडे ठेवतं. त्यामुळे ॲड्रिनलिनच्या जातीच्या द्रव्यांचा शरीरात लोट येतो. रक्तवाहिन्या आवळतात, कातडीचं रक्त आत ओढलं जातं, म्हणून हातपाय थंड. रक्तदाब चढतो. पाण्याची नळी चिमटीत आवळून धरावी आणि मागून पंप चालूच ठेवावा, तशी हृदयाची गत होते. काही तास ते त्या दाबाविरुद्ध झगडतं, मग थकतं. थकलं की रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं आणि त्यातला द्रव हवेच्या जागेत झिरपतो. सासूबाईंच्या बहिणीच्या तोंडाला आलेला फेस तो हाच. दंशानंतर हा टप्पा कधी अर्ध्या तासात येतो, कधी दीड दिवसाने. लहान मुलांना धोका जास्त, कारण विष तेवढंच आणि देह छोटा.

ॲलर्जीवरची किंवा स्टिरॉइडची सुई यातलं काहीच थांबवत नाही. सासूबाई गाडीतूनच म्हणाल्या, "पुढं चल."

९.५५

प्राथमिक आरोग्य केंद्र. दिवा होता, सिस्टर होत्या, आणि डॉक्टर मागच्या क्वार्टरमधून बनियनवर शर्ट चढवत आले. वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे. त्यांनी बोटाकडे नंतर पाहिलं. आधी दोन्ही पावलं धरली, मग हात वर सरकवत गुडघ्यापर्यंत नेला. "इथपर्यंत गार," ते सिस्टरना म्हणाले. "विंचू लाल होता?"

रक्तदाब मोजायला सिस्टरनी लहान मुलाचा पट्टा शोधायला घेतला. मोठ्या माणसाचा पट्टा टेबलावरच होता. मी म्हटलं, हाच लावा ना. त्या म्हणाल्या, "ताई, मोठ्या पट्ट्यात दाब कमी दाखवतो. चढलेला असला तरी ठीक वाटेल." लहान पट्टा लसीकरणाच्या कपाटात निघाला. दाब १४० वर १०० होता. पाच वर्षांच्या पोराचा वरचा आकडा शंभरच्या आसपास असतो.

१०.१०

"वजन किती?" डॉक्टरांनी विचारलं. शाळेत नुकतंच मोजलेलं होतं, म्हणून मला सांगता आलं. सोळा.

औषधाचं नाव प्राझोसिन. रक्तदाब उतरवण्याची जुनी गोळी. मुलांना किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे सोळा किलोला साधारण अर्धा मिलिग्रॅम. डॉक्टरांनी १ मिलिग्रॅमची गोळी ब्लेडने मधोमध तोडली, अर्धी चमच्यात चुरली, पाण्यात कालवली आणि पाजली.

दहा मिनिटांत ती उलटीतून बाहेर आली. पांढरा चुरा ट्रेमध्ये दिसत होता. "ही धरायची नाही," ते म्हणाले आणि उरलेली अर्धी चुरली. या वेळी चमचा थांबत थांबत, घोट घोट दिला. केसपेपरवर लिहिलं: १०.३०, पहिला डोस.

मी मुलाला खांद्यावर घ्यायला गेले. ओकणाऱ्या, घामेजलेल्या पोराचं आई दुसरं काय करणार? सिस्टरनी माझा हात धरला. "उचलायचं नाही. आडवाच राहू दे, निदान तीन तास." या गोळीने आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, पण पहिल्या डोसानंतर एकदम उभं केलं, बसवलं किंवा कडेवर घेतलं तर रक्तदाब धाडकन कोसळू शकतो. म्हणून मी खाली वाकून माझा गाल त्याच्या गालाला लावला आणि तशीच उभी राहिले.

११.००

सलाइन का लावत नाही, असं भाऊजींनी विचारलं. सलाइन लावलं की उपचार सुरू झाले, अशी आपली समजूत. डॉक्टर म्हणाले, उलट्या-घामाने पाणी गेलंय ते थोडं थोडं तोंडाने देऊ, पण शिरेतून भराभर पाणी सोडलं तर तेच फुप्फुसात उतरेल.

हे सगळं त्यांना कुठून माहीत, असं मी नंतर विचारलं. उत्तरात जी नावं आली ती याच तालुक्यातली. डॉ. हिंमतराव बावस्कर, मूळ जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली माणसं तिथे येत, तासातासाने खालावत आणि फुप्फुसं भरून जात. या तरुण डॉक्टरने रात्र-रात्र खाटेशी बसून नाडी, दाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये छापून आली, आणि प्राझोसिनच्या वापराबद्दलचं लिखाण १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात. लाल विंचवाच्या गंभीर दंशात दगावण्याचं प्रमाण पूर्वी तीस-चाळीस टक्के सांगितलं जाई. ही गोळी वेळेत मिळू लागल्यावर ते एक टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

सासूबाईंनी नाव ऐकून मान हलवली. बहीण त्याआधी गेली होती.

मध्यरात्री १२.१५

गोळीने पोटऱ्या किंचित कोमट झाल्या होत्या, पण नाडी दीडशेच्या खाली येईना. मग खोकला सुरू झाला. कोरडा, बारीक, एकामागून एक. सर्दीचा खोकला मला माहीत आहे, हा तो नव्हता. डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला, खालून वर सरकवला, पुन्हा खाली नेला. "बारीक आवाज यायला लागलेत. महाडला नेऊ."

दंशाला चार तास होत आले होते. सासूबाईंनी सांगितलेली पहाट अजून दूर होती, पण वाट तीच होती.

१२.२५

रुग्णवाहिका केंद्राच्या दारातच होती. ऑक्सिजनचा मास्क त्याच्या चेहऱ्यापेक्षा मोठा. सिस्टर तो हाताने दाबून बसल्या. आता निजवायचं नव्हतं, डोकं आणि पाठ उशीने वर उचलून धरायची होती. आडवं ठेवा म्हणणाऱ्या सिस्टरच आता उंच धरा म्हणत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "मघा भीती दाबाची होती. आता श्वासाची आहे. पाय खालीच राहू देत."

१२.५५

महाडचं रुग्णालय. इथे माणसं जास्त आणि बोलणं कमी. ईसीजीच्या वायरी, छातीचा एक्स-रे, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. आकडा ८९. हवेच्या दाबाने फुप्फुसं उघडी ठेवणारा घट्ट मास्क बसवला. शिरेतून थेंब थेंब औषध सुरू केलं, त्याचा वेग एक यंत्र ठरवत होतं.

१.१५

मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होणारं विंचवाचं प्रतिविष फ्रीजमधून निघालं. गोळी विषाचे परिणाम रोखते, प्रतिविष रक्तात मोकळं फिरणाऱ्या विषालाच धरतं. म्हणून ते जितकं लवकर तितकं उपयोगी. महाडलाच सत्तर रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला होता. गोळी आणि प्रतिविष दोन्ही मिळालेले रुग्ण सरासरी ८ तासांत सावरले, नुसत्या गोळीवरच्यांना १७-१८ तास लागले. दोन्ही गटांतले लोक वाचलेच, पण ज्याचं मूल खाटेवर असतं त्याला त्या नऊ-दहा तासांची किंमत विचारा.

१.३०

दुसरा डोस. हातपाय कोरडे आणि उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी द्यायचा. केंद्रातल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर पहिल्या डोसाची वेळ ठळक लिहून तिच्याभोवती गोल केला होता. त्या गोलामुळे इथे कुणाला काही विचारावं लागलं नाही. उलटीत गेलेल्या डोसाचीही नोंद होती.

२.४०

यानंतरच्या दीड तासात माझ्या फोनमध्ये एकही कॉल नाही. मास्कच्या आत फेसाचा एक गुलाबी ठिपका दिसला, तो सिस्टरनी पुसला. पुन्हा दिसला, पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा आला नाही. चिमट्याचा आकडा ८९ वरून ९१ झाला, बराच वेळ ९१ वरच राहिला, मग ९३. मी प्रार्थना वगैरे केली नाही. मी आकडे वाचत होते.

४.३०

तिसरा डोस. डॉक्टर राउंडला आले आणि सगळ्यांत आधी पावलांना हात लावला. मग मला म्हणाले, "तुम्ही लावून बघा." पाऊल कोरडं होतं. गरम म्हणता येणार नाही, पण माणसाचं होतं.

५.१०

मुलगा रडायला लागला. मास्कमुळे आवाज घुसमटलेला, पण रडणं खरंखुरं. उजवा हात वर धरून तो बोट दाखवत होता. ठणका परत आला होता. मी घाबरून हाक मारली, तर डॉक्टर हसले. "रडू दे. जागेवरचं दुखणं परत आलं की वादळ ओसरलं समजायचं." बोटाजवळ बधिर करायचं औषध आता दिलं. त्या औषधाची खरी वेळ ही होती.

सकाळी ६.५०

यजमान पोचले. मुलाने चेंडूची चौकशी केली.

मुलाला आणखी एक दिवस निगराणीखाली ठेवलं आणि मग सोडलं.

आता हिशेब. दंश ८.२० ला, औषध पोटात टिकलं १०.३० ला. दोन तास दहा मिनिटं. रस्ता कुणाला टाळता आला नसता. चिंचोका आणि वाटेतली ती दोन इंजेक्शनं टळली असती, तर गोळी बरीच आधी पोटात गेली असती, कदाचित १२.१५ चा खोकला आलाही नसता. उलट सासूबाईंनी पायाला हात लावला नसता तर गाडी सकाळीच निघाली असती, आणि मग कुठलीच गोळी कामाची नव्हती.

या आजारात यंत्रं शेवटी लागतात. सुरुवातीला लागतो तो पायाला लागलेला हात, वजनाचा आकडा, लहान मुलाचा पट्टा आणि एक स्वस्त गोळी. आमच्या केंद्रात या गोष्टी होत्या, कारण तिथल्या माणसांनी त्या आणून ठेवल्या होत्या. दुसऱ्या केंद्रात असतीलच असं नाही. बाजारात प्राझोसिन आता बहुतेक हळूहळू विरघळणाऱ्या मोठ्या गोळीच्या रूपात मिळतं. ती रक्तदाबाच्या रुग्णांसाठी ठीक, पण ती तोडून-चुरून मुलाला देता येत नाही. इथे साधी, १ मिलिग्रॅमचीच गोळी लागते.

म्हणून सुट्टीला गावी जाणाऱ्या आणि गावातच राहणाऱ्या, दोघांनाही सांगणं आहे. सरपण आणि शेणी घराच्या भिंतीला लावून रचू नका. चपला-बूट झटकून घाला, अंथरूण झाडून घ्या, मुलांना जमिनीवर न निजवता खाटेवर, मच्छरदाणीत निजवा. दंश झालाच तर बोटाकडे कमी आणि पावलांकडे जास्त बघा. उलटी, घाम आणि गार पाय, ही तीन एकत्र दिसली की मूल रडत असो वा नसो, गाडी काढा. गोळी घरात ठेवून स्वतः देऊ नका. ती रक्तदाब पाडते आणि डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यायची असते. पण तुमच्या जवळच्या आरोग्य केंद्रात ती आहे का, हे मात्र आजच जाऊन विचारा. नसेल तर येत्या ग्रामसभेत लेखी मागणी करा आणि पोच घ्या.